बडगाम, २७ फेब्रुवारी २०१९: आपलंच हेलिकॉप्टर, आपलंच मिसाईल. एक प्रकरण अभ्यास

पुढचं हवाई युद्ध कसं असेल हा विषय निघाला की गप्पा लगेच रेंजवर जातात, त्यांच्या मिसाईलची रेंज इतकी, आपली इतकी, विमान कितव्या जनरेशनचं, स्टेल्थ (रडारला सहज न दिसणारं) आहे का नाही. हे सगळं महत्त्वाचं आहेच, पण माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते मी इथे एका प्रकरणावरून सविस्तर मांडतोय. इलेक्ट्रॉनिक्सने लांबून मारणं फार पटापट सोपं केलं, लांबून ओळखणं मात्र त्या वेगाने सोपं झालं नाही. समोरचा ठिपका आपला की त्यांचा, हेलिकॉप्टर की ड्रोन, खरा की नुसता भास, हे जो आधी आणि बरोबर ओळखेल त्याच्याच हातात पुढचं आकाश असेल.

मी मुंबईत इंजिनिअरिंगच्या मुलांना रडार आणि सिग्नल प्रोसेसिंग शिकवतो आणि शेवटच्या वर्षाला हे प्रकरण आवर्जून घेतो. यात स्टेल्थ नाही, डॉगफाइट नाही, इतकंच काय आकाशाच्या त्या तुकड्यात शत्रूही नव्हता. तरी सात माणसं गेली. म्हणून हे प्रकरण मला सगळ्यात जास्त शिकवून जातं.

काय झालं

१४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामा झालं, सीआरपीएफचे ४० जवान गेले. २६ तारखेला पहाटे आपल्या मिराज २००० विमानांनी बालाकोटवर हल्ला केला. आता उलट वार येणार हे सगळ्यांनाच माहीत होतं आणि तो दुसऱ्याच दिवशी सकाळी आला. एफ-१६, जेएफ-१७, मिराज असा पाकिस्तानी विमानांचा मोठा ताफा राजौरी-पूंछच्या बाजूने नियंत्रण रेषेजवळ आला, आपली सुखोई आणि मिराज आधीच हवेत होती, श्रीनगरहून मिग-२१ बायसन उडाले. अभिनंदन वर्धमान यांचं विमान पडलं, ते पकडले गेले, १ मार्चला वाघा बॉर्डरवरून परत आले. पुढचे कित्येक दिवस टीव्हीवर तेच चाललं होतं त्यामुळे तो भाग सगळ्यांना पाठ आहे.

त्याच सकाळी दहाच्या सुमारास श्रीनगरहून हवाई दलाचं एक एमआय-१७ व्ही५ हेलिकॉप्टर उडालं आणि दहाएक मिनिटांत बडगाम जिल्ह्यात कोसळलं. आतले सहाही जण गेले, जमिनीवरचा एक स्थानिक नागरिक गेला. त्या सहा जणांतले एक स्क्वाड्रन लीडर आपल्या नाशिकचे. गोदावरीकाठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले तेव्हा बहुतेक लोक हा तांत्रिक बिघाडाचा अपघात धरून चालले होते, कारण सुरुवातीच्या बातम्या तशाच होत्या.

लढाई चालू होती ती पीर पंजालच्या त्या बाजूला. हे हेलिकॉप्टर होतं खोऱ्यात, आपल्याच तळाजवळ.

चौकशी झाली आणि ४ ऑक्टोबर २०१९ ला तेव्हाचे नवे हवाई दल प्रमुख भदौरिया यांनी पत्रकारांसमोर स्पष्ट सांगितलं की हेलिकॉप्टर आपल्याच मिसाईलने पाडलं आणि ही आपली मोठी चूक होती. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. जगात अशी प्रकरणं दाबून टाकायची पद्धत आहे, आणि दाबलेल्या प्रकरणातून कुणीच काही शिकत नाही. पुढे हे कोर्ट मार्शलपर्यंत गेलं. कोण दोषी, कुणाला किती शिक्षा, त्यात मी शिरत नाही, तो कोर्टाचा विषय आहे. मी धरून चालतो ते फक्त हवाई दलाने स्वतः कबूल केलेलं आणि नंतर सगळीकडे छापून आलेलं: मिसाईल श्रीनगर तळावरच्या स्पायडर सिस्टिमचं होतं, हेलिकॉप्टरचं आयएफएफ (आपला की परका हे ओळखायचं यंत्र) बंद होतं, आणि तळावरच्या वेगवेगळ्या लोकांमधला समन्वय तुटलेला होता.

स्पायडर ही इस्रायलच्या राफेल कंपनीची सिस्टिम (फ्रेंच राफेल विमानाशी काही संबंध नाही, मुलं दर वर्षी गोंधळतात म्हणून सांगितलं). ट्रकवर बसवलेली, जलद, कमी पल्ल्याची. त्यात दोन प्रकारची मिसाईल लागतात, पायथन-५ जे इन्फ्रारेड चित्र बघून मागे लागतं आणि डर्बी ज्याच्या नाकात स्वतःचं रडार असतं. दोन्ही मुळात विमानावरून सोडायची मिसाईल, म्हणजे अतिशय चपळ. सुटल्यावर लक्ष्य गाठायला काही सेकंद पुरतात. हेलिकॉप्टरला वाचायची संधी जवळजवळ शून्य. थोडक्यात सिस्टिमने तिचं काम चोख केलं, आणि हेच मला मुलांच्या मनावर बिंबवायचं असतं, की इथे मारणारं इलेक्ट्रॉनिक्स कुठेही कमी पडलं नाही.

स्क्रीनसमोर बसून बघा

माझ्या ओळखीत एक निवृत्त वॉरंट ऑफिसर आहेत, ठाण्याला राहतात, सगळी नोकरी रडार युनिटवर गेली. मी त्यांना काका म्हणतो. हे प्रकरण शिकवायला घेतलं तेव्हा आधी त्यांच्याकडे गेलो होतो. ते म्हणाले, "बसलेल्या माणसाला दोष देणं सोपं आहे रे. आधी एक कागद घे आणि कुठल्या मिनिटाला कुणाला काय माहीत होतं तेवढं लिहून काढ." माझ्या मते अशा प्रकरणाकडे बघायची हीच खरी पद्धत आहे.

तर लिहून काढू. स्क्रीनवर एक ठिपका आहे. उंची कमी, वेग ताशी दोन-सव्वादोनशे किलोमीटरच्या घरात, म्हणजे फायटर नक्की नाही, पण ड्रोन असू शकतो. आयएफएफने विचारलं तर उत्तर नाही. आदल्या दिवशी आपण त्यांच्या घरात घुसून मारलंय, आत्ता या क्षणी त्यांची विमानं येतायत, तळावर आपली विमानं उभी आहेत, इंधन आहे, शेकडो माणसं आहेत. रेडिओवर सगळे एकदम बोलतायत. हा ठिपका शत्रूचा असेल आणि तुम्ही थांबलात तर तळ जाईल. आपला असेल आणि तुम्ही सोडलंत तर आपली माणसं जातील. विचार करायला वेळ किती, तर मिनिटभर, कदाचित त्याहूनही कमी.

आता आयएफएफ म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण अर्धे गैरसमज इथेच आहेत. सोसायटीच्या गेटवर रात्री दोनला वॉचमन "कोण आहे?" म्हणून विचारतो आणि येणारा "बी विंग, ३०२" म्हणतो, आयएफएफ तेवढंच करतं. जमिनीवरचं यंत्र १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न पाठवतं, विमानातला ट्रान्सपॉन्डर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. लष्करी मोडमध्ये प्रश्न आणि उत्तर दोन्ही कोडमध्ये, किल्ली रोज बदलते. बरोबर उत्तर आलं तर माणूस आपला. पण उत्तर आलं नाही तर? तो चोर असेल, किंवा पाहुणा असेल, किंवा ३०२ वालाच असेल आणि कानात इअरफोन असतील. उत्तर न येणं ही शत्रूची खूण नाही, ती माहितीचा अभाव आहे, आणि ताणाखाली बसलेल्या माणसाचं मन या दोन गोष्टी फार पटकन एक करून टाकतं.

मग कुणी आयएफएफ बंद का ठेवेल? हा प्रश्न मुलं हमखास विचारतात, जणू ठेवणारा बेजबाबदारच. तर दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बॉम्बर विमानांच्या आयएफएफला जर्मन लोक स्वतःच प्रश्न विचारायला लागले होते, फ्रेया रडारला एक जोड यंत्र लावून, आणि ब्रिटिश ट्रान्सपॉन्डर इमानदारीत उत्तर देऊन आपली जागा सांगत होते. त्या दिवसापासून प्रत्येक हवाई दलाच्या मनात ही भीती बसलेली आहे. उत्तर द्यायचं म्हणजे रेडिओ लहर सोडायची, आणि लहर सोडली की ती शत्रूलाही ऐकू जाते. त्यामुळे कधी चालू, कधी बंद याचे नियम प्रत्येक ठिकाणी असतात, आणि युद्धाच्या सकाळी हे नियम सगळ्यांना सारखे माहीत असणं हीच खरी कसोटी.

आणि हे फक्त आपल्याकडेच झालं असं अजिबात नाही. आयएफएफची गरजच अशा एका घटनेनंतर ठसठशीतपणे पुढे आली, ६ सप्टेंबर १९३९, ब्रिटन युद्धात उतरून तीन दिवस झालेले, आणि ब्रिटिश स्पिटफायरनी ब्रिटिश हरिकेन पाडले. ३ जुलै १९८८ ला अमेरिकेच्या विन्सेन्स जहाजाने इराण एअरचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं, त्यात भारतीयही होते. त्या जहाजावर एजिस होती, तेव्हाची जगातली सगळ्यात भारी सिस्टिम, आणि तिच्या रेकॉर्डमध्ये विमान वर चढतंय असं स्वच्छ दिसत होतं, तरी खोलीतल्या माणसांना ते आपल्यावर खाली येतंय असं वाटत होतं. १४ एप्रिल १९९४ ला उत्तर इराकवर अमेरिकन एफ-१५ नी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली, २६ गेले, आणि वर अवॅक्स, म्हणजे मोठं रडार घेऊन फिरणारं विमान, सगळं बघत होतं. २००३ मध्ये अमेरिकेच्या पॅट्रियट मिसाईल सिस्टिमने ब्रिटिश टोर्नेडो विमान पाडलं, थोड्याच दिवसांत अमेरिकेचं एक एफ-१८ पाडलं. ८ जानेवारी २०२० ला तेहरानमध्ये इराणनेच युक्रेनचं प्रवासी विमान पाडलं, १७६ गेले. डिसेंबर २०२४ मध्ये लाल समुद्रात अमेरिकन जहाजाने स्वतःचंच एफ-१८ पाडलं, सुदैवाने दोघेही पायलट वाचले. प्रत्येक वेळी इलेक्ट्रॉनिक्स आधीपेक्षा चांगलं होतं. प्रत्येक वेळी नुकताच हल्ला झालेला किंवा होणार अशी धास्ती, ओळखीची खात्री नाही, आणि हातात थोडे सेकंद.

पाती ओळखता आली असती का

आता माझ्या आवडीचा भाग, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

आयएफएफ म्हणजे समोरच्याने सहकार्य केलं तर होणारी ओळख. पण समोरचा गप्प असला तरी त्याचं शरीर गप्प नसतं. रडारची लहर एखाद्या वस्तूवर आपटून परत येते तेव्हा वस्तूच्या वेगाप्रमाणे तिची फ्रिक्वेन्सी किंचित बदलते, हा डॉप्लर बारावीला सगळ्यांनी केलाय. पण वस्तूचा एखादा भाग वेगळ्याच वेगाने हलत असेल, पंखा, पाती, इंजिनची चाकं, तर त्या भागाचाही वेगळा डॉप्लर येतो. यालाच मायक्रो-डॉप्लर म्हणतात आणि माझ्या मते पुढच्या वीस वर्षांतल्या हवाई संरक्षणाचा पाया इथे आहे.

एमआय-१७ च्या मुख्य पंख्याला पाच पाती असतात, व्यास २१ मीटरच्या थोडा वर, आणि तो मिनिटाला साधारण १९२ फेरे मारतो. गुणाकार करून बघा, पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला २१० मीटरच्या वर जातो. म्हणजे हेलिकॉप्टर स्वतः सेकंदाला साठेक मीटरने चाललंय, पण त्याच्या डोक्यावरचं एक टोक तुमच्याकडे झेपावतंय आणि समोरचं टोक तितक्याच जोरात लांब पळतंय. डॉप्लरच्या चित्रात शरीराची एक ठळक रेघ दिसते आणि तिच्या दोन्ही अंगांना लांबवर पसरलेला पट्टा, आणि पातं रडारच्या दिशेला बरोबर काटकोनात आलं की त्या पट्ट्यात एक चमक उमटते, एका बाजूने मोजलं तर सेकंदाला १६ वेळा. छोट्या ड्रोनचे पंखे वीतभराचे आणि मिनिटाला हजारो फेरे मारणारे, त्यांचं चित्र पूर्ण वेगळं. मागे एकच प्रोपेलर असलेला आत्मघाती ड्रोन आणखी वेगळा. चित्र नीट मिळालं तर एमआय-१७ आणि ड्रोन यांच्यात गल्लत होणं कठीण आहे.

हे पोरांना पटावं म्हणून आम्ही लॅबमध्ये एक प्रयोग करतो. लॅमिंग्टन रोडला एचबी१०० नावाचं छोटं डॉप्लर मॉड्यूल मिळतं, साडेदहा गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारं, स्वस्त. ते ॲम्प्लिफायरमधून लॅपटॉपच्या माइकच्या भोकात जोडायचं आणि समोर धातूच्या पात्यांचा टेबल फॅन लावायचा. पात्याच्या टोकाचा डॉप्लर दोनेक किलोहर्ट्झपर्यंत येतो, म्हणजे चक्क कानाला ऐकू येतो, आणि स्क्रीनवर पात्यांच्या चमका मोजता येतात. फॅनचा स्पीड एक वरून तीनवर केला की चित्र कसं ताणलं जातं ते बघताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

मग २०१९ मध्ये हे का झालं नाही? इथे वेळेचं गणित येतं. ठोकळ आकडे घेऊ, कुठल्या एका सिस्टिमचे नव्हेत, समजण्यापुरते. अँटेना मिनिटाला १५ फेरे मारतेय, म्हणजे सेकंदाला ९० अंश. बीम दोन अंशांचा. मग एका ठिपक्यावर बीम टिकतो फक्त २२ मिलीसेकंद. पात्यांची चमक एका बाजूने येते साधारण ६२ मिलीसेकंदांनी एकदा. म्हणजे बऱ्याच फेऱ्यांत चमक पकडलीच जात नाही, आणि एकदा हुकली की पुढची संधी चार सेकंदांनी. ज्याच्याकडे मिनिटभर आहे त्याला पंधरा झटके मिळतात, आणि त्यातही इतर ठिपके सांभाळायचेत.

नवी एईएसए रडारं इथे खेळ बदलतात. अँटेना जागेवर, बीम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वळतो, त्यामुळे संशयास्पद ठिपक्यावर पाव सेकंद थांबायचं ठरवलं तर थांबता येतं, आणि तेवढ्या वेळात तीन-चार चमका हमखास. वर गॅलियम नायट्राइड या नव्या सेमीकंडक्टरमुळे तेवढ्याच जागेत जास्त ताकद. आणि हे चित्र बघून वर्गीकरण करणारं सॉफ्टवेअर आता रडारच्या शेजारी एका पेटीत बसतं, मुख्यालयाला विचारायला लागत नाही. बडगामच्या त्या ठिपक्याला "पाच पाती, मोठं हेलिकॉप्टर" असं लेबल लागलं असतं तर बोट थांबलं असतं का? मला वाटतं थांबलं असतं. निदान कुणीतरी "आपलं कुठलं हेलिकॉप्टर वर आहे का" असं ओरडून विचारलं असतं.

पण शत्रूही झोपलेला नाही. डीआरएफएम म्हणून तंत्र आहे, समोरच्या रडारची लहर डिजिटल मेमरीत साठवायची आणि थोडा फेरफार करून परत सोडायची. एक मायक्रोसेकंद उशिरा सोडली की रडारला वस्तू १५० मीटर लांब दिसते. डॉप्लर बदलला की वेग खोटा. आणि ज्याला वेग खोटा करता येतो त्याला पात्यांच्या चमकाही खोट्या करता येतील, आज नाही तर पाच वर्षांनी. म्हणजे उद्या एखादा ड्रोन हेलिकॉप्टरचं सोंग घेऊन येईल. मग एका रडारवर विसंबून चालणार नाही, दोन ठिकाणांहून बघावं लागेल, इन्फ्रारेड कॅमेऱ्याने पडताळावं लागेल, कारण खोटी लहर एका रडारला फसवते पण उष्णतेचं चित्र आणि दुसऱ्या कोनातलं रडार या सगळ्यांना एकाच वेळी पटेल असं खोटं बोलणं फार अवघड.

"सर, मग हा फोनचाच प्रश्न ना?"

एका वर्षी वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला आणि म्हणाली, "सर, हेलिकॉप्टर त्याच तळावरून उडालं होतं ना? मग एटीसीला, म्हणजे विमानांची ये-जा सांभाळणाऱ्या टॉवरला, माहीतच होतं की. एक फोन केला असता तर?"

तिने बरोबर नस पकडली होती. "आपलं एक हेलिकॉप्टर वर आहे" ही माहिती अस्तित्वात होती, त्याच श्रीनगर तळावर होती, लाँचरपासून फार लांब नव्हती. ती फक्त ज्याच्या हातात बटण होतं त्याच्या स्क्रीनवर नव्हती. मायक्रो-डॉप्लर वगैरे सगळं पुढचं. आधी जे माहीत आहे ते पोचलं पाहिजे.

पण फोन हे उत्तर का नाही ते मे २०२५ ने दाखवून दिलं. ऑपरेशन सिंदूरनंतर ८ आणि ९ मेच्या रात्री, सरकारच्या ब्रीफिंगप्रमाणे, लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन आले, आणि त्यातला मोठा उद्देश आपली हवाई संरक्षण यंत्रणा जोखणं हा होता. ड्रोन पाडण्यासाठी रडार चालू केलंत की रडार कुठे आहे ते कळतं. एका रात्रीत शेकडो ठिपके, प्रत्येकासाठी कुणाला फोन करणार? तिथे हवाई दलाची आयएसीसीएस आणि सैन्याची आकाशतीर ही नेटवर्कं कामाला आली, दोन्हीच्या मागे भारत इलेक्ट्रॉनिक्स. वेगवेगळ्या रडारचे ठिपके एकत्र करून एकच चित्र बनवायचं आणि ते सगळ्या लाँचरपर्यंत पोचवायचं, हे त्यांचं काम. मला विचाराल तर त्या चार दिवसांत कुठल्या मिसाईलने काय पाडलं यापेक्षा ही जोडणी टिकली ही बातमी मोठी होती. वर त्याच सुमारास पाकिस्तानने स्वतःची प्रवासी विमानं उडू दिली होती आणि आपण ब्रीफिंगमध्ये फ्लाइट ट्रॅकिंगचं चित्रच दाखवलं, की बघा या विमानांच्या आडून हे चाललंय आणि आम्ही हात आवरलाय. हात आवरता आला कारण ओळखता आलं.

हेच मुंबईवर

इथपर्यंत आलं की मुलांना वाटतं हे काश्मीरचं, बॉर्डरचं, आपल्याला काय. म्हणून मी नकाशा खाली सरकवतो.

मुंबईच्या आकाशात काय काय असतं बघा. एकमेकांना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या, एका वेळी एकच वापरायची, आणि दिवसाला ९०० च्या वर विमानं. आता जोडीला नवी मुंबई. कुलाब्याला नौदलाचं आयएनएस शिक्रा, तिथून नौदलाची हेलिकॉप्टरं. आणि जुहू, जिथे १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून टपाल घेऊन उतरले, तिथून आज ओएनजीसीच्या कामाची हेलिकॉप्टरं बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राला जातात आणि येतात, समुद्रावरून, सुमारे १६० किलोमीटर. परत येताना रडारला काय दिसतं? पश्चिमेकडून, समुद्राकडून, कमी उंचीवर, हेलिकॉप्टरच्या वेगाने शहराकडे सरकणारा ठिपका. २६ नोव्हेंबर २००८ नंतर आपण सगळे समुद्राकडे कुठल्या नजरेने बघतो ते सांगायला नको. २८ तारखेला सकाळी नरिमन हाऊसच्या गच्चीवर कमांडो उतरले ते हेलिकॉप्टरही एमआय-१७ च होतं, कुलाब्यातल्या लोकांनी ते खिडकीतून पाहिलंय.

७ मे २०२५ ला जी मॉक ड्रिल झाली त्यात मुंबई, उरण, तारापूर ही नावं होती. अणुभट्टी, तेल, बंदर, सगळं किनाऱ्यावर. म्हणजे उद्या समुद्राकडून ड्रोनचा थवा आला तर त्याच आकाशात ओएनजीसीच्या कामगारांना घेऊन येणारं हेलिकॉप्टर असू शकतं, कारण ते थवा येण्याआधीच निघालेलं असेल आणि समुद्रात मध्ये कुठे थांबणार?

त्याचा ट्रान्सपॉन्डर आहे ना, मुलं म्हणतात. आहे. पण नागरी विमानं एडीएस-बीवर आपली जागा सांगतात ती जीपीएसवरून घेतलेली असते, आणि जीपीएस फसवता येतं. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात जीपीएसमध्ये ढवळाढवळीच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्याचं सरकारने संसदेत सांगितलं, बहुतेक अमृतसर आणि जम्मूच्या बाजूच्या. जीपीएस फसलं की विमान स्वतःच प्रामाणिकपणे खोटी जागा सांगतं. आता रडारला एक ठिपका इथे दिसतोय आणि ट्रान्सपॉन्डर म्हणतोय मी तिथे आहे. युद्धाच्या रात्री अशी विसंगती दिसली तर आपला माणूस काय समजेल?

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत आणि मी त्या प्रत्येक वर्गात आणि जिथे कुणी ऐकेल तिथे मांडतो. पहिली, जुहू आणि शिक्रावरून उडणाऱ्या प्रत्येक प्रकारच्या हेलिकॉप्टरची मायक्रो-डॉप्लर नोंद शांततेच्या काळातच करून ठेवा, पुढून, मागून, बाजूने, पावसात, भरलेलं, रिकामं. सॉफ्टवेअर जे पाहिलंय तेच ओळखतं, आणि शत्रूच्या विमानांची लायब्ररी बनवायला सगळे धावतात, स्वतःच्या हेलिकॉप्टरांची बनवायची कुणाला घाई नसते. दुसरी, मशीनला थांबवायचा अधिकार द्या. माणसाने बटण दाबलं तरी चित्रात मोठा पंखा दिसत असेल तर मशीनने काही सेकंद अडवून धरावं आणि दुसऱ्या माणसाकडून होकार मागावा. उलट अधिकार, म्हणजे माणसाशिवाय सोडायचा, फक्त वीतभर पंख्यांच्या छोट्या ड्रोनपुरता, कारण तिथे चूक झाली तरी आत कुणी बसलेलं नसतं.

काकांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, शत्रूला हा नियम कळला की तो हेलिकॉप्टरचं सोंग घेऊनच येईल आणि तुझी ती सेकंदं त्याला फुकट मिळतील. बरोबर आहे, मिळतील. त्या सेकंदांत एखादं रडार जाईल, एखादी टाकी जाईल. मी ती किंमत मोजायला तयार आहे, ते नाहीत, आणि आमचा हा वाद मिटलेला नाही.

या सेमिस्टरला मुलांना दिलेला प्रश्न असा: रात्रीची वेळ, बॉम्बे हायहून परतणारं हेलिकॉप्टर किनाऱ्यापासून ३० किलोमीटरवर, त्याचा ट्रान्सपॉन्डर बंद पडलाय, त्याच दिशेने समुद्रावरून चाळीस ड्रोन येतायत, जीपीएस फसलंय. उत्तरात रडारच्या ब्रँडची नावं नकोत. मला सेकंदासेकंदाचा तक्ता हवाय, कुठल्या सेकंदाला कुणाला काय कळलं, ते कुठल्या वाटेने लाँचरपर्यंत पोचलं, आणि ती वाट तुटली तर दुसरी कुठली.